दादाचा ट्रॅक्टर

भाषांतराच्या व्यवसायातील चुकांचे एक बरे असते. मासिक छापून निघते, वाचले जाते, महिन्या-दोन महिन्यांनी रद्दीत जाते, आणि त्यातील चूकही मुकाट्याने त्याच्याबरोबर निघून जाते. माझी एक चूक मात्र अशी गेली नाही. ती कात्रण होऊन हरद्याजवळच्या आमच्या घरी पोचली, लोखंडी कपाटात जमिनीच्या कागदांशेजारी जाऊन बसली, आणि दोन वर्षांनी, २०२४ च्या भाऊबीजेला, माझ्याच हातात आली. त्या कात्रणाची ही हकीकत आहे. परंतु ती सांगावयाची तर आधी दादाच्या शेताविषयी थोडे सांगितले पाहिजे.

आमचे घराणे मराठी असले तरी तीन पिढ्या नर्मदेच्या खोऱ्यात वाढलेले. घरात मराठी, बांधावर हिंदी आणि बाजारात दोहोंची सरमिसळ, अशी आमची बोली. जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी, पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी. आजोबांच्या वेळी येथे एक पीक पदरात पडले तरी समाधान असे. १९७० नंतर तवा धरणाचे कालवे आले आणि गव्हाला पाणी मिळाले. पुढे पावसाळ्यात सोयाबीन आले. आणि अलीकडच्या काळात गहू व सोयाबीन यांच्या मधल्या कडक उन्हाळ्यात मुगाचे तिसरे पीक शिरले. हा मूग साठ-पासष्ट दिवसांचा. मृगाचा पाऊस पडण्याआधी तो घरात यावयास हवा, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो पेरला गेला पाहिजे. आणि गहू तर मार्चअखेरपर्यंत शेतातून हलत नाही. एकंदरीत गहू निघाल्यापासून मूग पेरीपर्यंत शेतकऱ्याच्या हाती दहा-बारा दिवस राहतात. आमच्या भागात ट्रॅक्टरचा सगळा विचार या दहा-बारा दिवसांभोवती फिरतो.

हार्वेस्टरने गहू कापला म्हणजे शेतात वीतभर उंचीचे बुडखे उभे राहतात. त्यांना आमच्याकडे नरवाई म्हणतात. नरवाई काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आगपेटीतील एक काडी. सरकारची मनाई आहे, दंड आहे, तरीही एप्रिलात रात्री गच्चीवर उभे राहिले म्हणजे चारी दिशांना आगीच्या रेषा दिसतात. दादाही त्यांतलाच होता. मी ते लपवीत नाही. २०२२ च्या एप्रिलात वारा अचानक फिरला आणि त्याच्या शेतातील आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या भुशाच्या गंजीला लागली. माणसांना, जनावरांना इजा झाली नाही. गंजीचे पैसे दादाने दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले. पण त्या रात्री शेजाऱ्याच्या गोठ्यातील म्हशी दावी तोडून अंधारात धावत सुटल्या होत्या, आणि त्यांच्यामागे त्याची दोन लहान मुले. वहिनींनी ते पाहिले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “या घरातून पुन्हा काडी शेतात जाणार नाही.” वहिनी फारसे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे बोलणे मोडण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

काडी गेली म्हणजे यंत्र आले. नरवाई मातीत मिसळीत जाणारे आणि त्याच फेरीत बी पेरणारे सुपर सीडर नावाचे अवजार आता आपल्याकडे प्रचारात आहे. पंजाब-हरियाणात भाताच्या पेंढ्यासाठी ते वापरतात, आमच्याकडे गव्हाच्या नरवाईसाठी. हे अवजार वजनाला टनाच्या आसपास असते, आणि आमचा १९९६ सालचा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ते ओढणे दूरच, धड उचलूही शकत नाही. तेव्हा नवा, मोठा ट्रॅक्टर घ्यावयाचा हे ठरले. कोणता, हे ठरत नव्हते.

ट्रॅक्टर तयार करणाऱ्या कंपन्यांची नावे मी येथे घेत नाही. सरकारी मासिकाचा तो दंडक आहेच. शिवाय आमच्या गावातही ती कोणी घेत नाही. तेथे ट्रॅक्टर रंगावरून ओळखतात. दादाच्या मनात हिरवा होता, ५५ अश्वशक्तीचा, मागची दोनच चाके ओढणारा. पुतण्याच्या मनात निळा होता, ७५ अश्वशक्तीचा, चारही चाके ओढणारा, वर छत्री आणि पुढे चार दिवे. किमतीत जवळजवळ साडेपाच लाखांचा फरक. पुतण्या कृषी विषयाचा पदवीधर आहे आणि त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. घरची जमीन २४ एकर, १४ एकर सिकमी, म्हणजे खंडाने केलेली. एवढ्यावर कोणताच ट्रॅक्टर वर्षभर पुरता राबत नाही. मग मोठाच घ्यावा, घरचे काम चार दिवसांत उरकावे आणि उरलेले दिवस तो भाड्याने चालवावा, असा त्याचा हिशेब.

या वादात मला पडण्याचे एरव्ही कारण नव्हते. मी दिल्लीस मासिकाच्या कचेरीत भाषांतर आणि संपादन करते. ट्रॅक्टरवर बसले ते लहानपणी, अण्णांच्या शेजारी, चाकावरच्या पत्र्यावर. परंतु अण्णा २०१७ साली गेले ते मृत्युपत्र न करता गेले. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला आमच्याकडे खसरा म्हणतात. त्या खसऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावे चढली. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, हे आमच्या मासिकात मी स्वतः दोनदा लिहिले आहे. लिहिणे सोपे होते. नातलगांपैकी काहींनी हक्कत्यागपत्राचा विषय काढला, तेव्हा मी गप्प बसले. दादा गप्प बसला नाही. तो म्हणाला, “असू दे तिचे नाव. अण्णांची मुलगी आहे ती.” पुढे तो विषय कोणी काढला नाही. आता बँकेला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी जमीन गहाण हवी होती, आणि गहाणखतावर तीन सह्या हव्या होत्या. त्यांतील तिसरी माझी.

सहीला मी कचरत होते, हे मान्य केले पाहिजे. माझ्या हिश्शाच्या लोभाने नव्हे. दारातील ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही अण्णांनी कर्जानेच घेतला होता. लागोपाठ दोन वर्षे सोयाबीन हातचे गेले, हप्ते तुंबले, व्याजावर व्याज चढले, आणि २००२ साली कालव्याकाठची चार एकर विकावी लागली. मी तेव्हा शाळेत होते. खरेदीखताच्या दिवशी अण्णा हरद्याहून परत आले आणि कोणाशी न बोलता ट्रॅक्टर धुवीत बसले, ते मला आजही दिसते.

भाऊबीजेला ओवाळून झाले, आणि दादाने कपाटातून कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. “तूच लिहिले आहेस की! सुपर सीडरला किमान ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. मी ५५ चा घेतोय, म्हणजे पाच जादाच झाले. सांग तुझ्या भाच्याला.”

मी ते वाचले. भाषा बरी होती. मथळा तर चांगलाच होता. परंतु त्या एका वाक्याशी मी अडखळले. मूळ इंग्रजी लेख मला बऱ्यापैकी आठवत होता. त्यात नुसती अश्वशक्ती नव्हती, पीटीओवरची अश्वशक्ती होती. जागा कमी होती, शब्द बोजड होता, आणि वाचकाला तो कळणार नाही असे मीच ठरवून टाकले होते. मी तो शब्द गाळला होता.

ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक फिरता दांडा असतो. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, सुपर सीडर अशी अवजारे त्याला जोडून फिरवितात. त्यालाच शेतकरी पीटीओ म्हणतात. कोणत्याही शेतकऱ्याला तो शब्द ठाऊक असतो. ठाऊक नव्हता तो मला. इंजिनात जितकी शक्ती उत्पन्न होते तितकी या दांड्यापर्यंत पोचत नाही. दातेरी चाके, पंखा, तेलाचा पंप वाटेत आपापला वाटा घेतात. इंजिनाची शंभर धरली तर दांड्यावर पंच्याऐंशीच्या आसपास उरते. म्हणजे दादाच्या ५५ अश्वशक्तीच्या हिरव्या ट्रॅक्टरचा दांडा सुमारे ४७ अश्वशक्तीचा. माझ्या वाक्याच्या भरवशावर तो पाच जादा समजत होता. वस्तुतः तीन कमी होते.

हे मी दादाला तेव्हाच सांगितले काय? नाही. तेवढे धैर्य झाले नाही. “मी जरा नीट पाहून सांगते,” असे म्हणाले आणि ताटातील करंजीकडे लक्ष दिले.

दिल्लीहून आमच्याकडे येणारी गाडी भोपाळ सोडल्यावर नर्मदेचा पूल ओलांडते. पुलाच्या अलीकडे बुदनी नावाचे लहानसे स्टेशन आहे. ते मी खिडकीतून किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही; पण देशात विकावयाच्या ट्रॅक्टरांची परीक्षा तेथे होते, हे मला त्या दिवाळीनंतर समजले. १९५५ साली तेथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. आज ती केंद्र सरकारची कृषी यंत्रांचे प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे. तिच्या स्थापनेमागेही एक मोठी कथा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य भारतातील लाखो एकर काळी जमीन कांस नावाच्या गवताने गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य मागे ठेवून गेले ते ट्रॅक्टर घेऊन सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली, आणि १९४९ साली जागतिक बँकेकडून शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर करून घेतले. त्या पैशांतून आलेले, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे अवजड ट्रॅक्टर भोपाळकडे कांस उपटताना पाहावयास आजोबा मुद्दाम गेले होते, असे आई सांगते. त्या कामाला प्रचंड शक्तीच हवी होती, दुसरे काही चालले नसते. अवाढव्य यंत्राविषयी आमच्या मुलखात जो आदर आहे त्याचे मूळ बहुधा तेथे असावे.

चाचण्यांचे अहवाल सर्वांना पाहावयास खुले असतात. मी हिरव्या-निळ्याचे आणि आणखी दोघा-तिघांचे अहवाल काढून आणले आणि रात्री जेवणानंतर वाचू लागले. इतके कोरडे आणि इतके प्रामाणिक गद्य मी बऱ्याच दिवसांत वाचले नव्हते. तेथे छत्रीचे वर्णन नाही, दिव्यांचे नाही. दांड्यावर किती शक्ती मिळाली, ती किलोवॅटमध्ये. दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम डिझेल जळले. मागची लिफ्ट किती किलो उचलते. ओढताना चाके किती घसरली. चालकाच्या कानाशी आवाज किती, बैठकीखाली हादरे किती. जाहिरातीत एकच आकडा मोठ्या अक्षरांत असतो, आणि या अहवालांत शेकडो आकडे एकाच लहान अक्षरांत.

अश्वशक्ती हा शब्दच मुळी चमत्कारिक आहे. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या यंत्राचे काम गिऱ्हाइकांना समजावे म्हणून घोड्याशी तुलना केली; पुढे मेट्रिक मापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती, असे ठरले. आमच्या खोऱ्यात घोड्याने कधी शेत नांगरले नाही. बैलांची चांगली जोडी मिळून जेमतेम एका अश्वशक्तीचे काम करते. तेव्हा शब्द बैलजोडशक्ती असा असता तर आकडा तोच राहिला असता आणि अर्थ लवकर कळला असता, असे मला उगाचच वाटून गेले. असो.

नांगराचा हिशेब मी पुतण्याबरोबर फोनवर केला. भारी काळ्या मातीत दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो ओढ धरली, तर ३० सेंटिमीटर रुंदीचे दोन फाळ २५ सेंटिमीटर खोल चालविण्यास १,२०० किलोंची ओढ लागते. ताशी ४ किलोमीटर चालीला हे सुमारे १८ अश्वशक्तीचे काम झाले. पण इंजिनाची शक्ती चाकांतून मातीत उतरताना निम्म्याच्या जवळपास वाया जाते. म्हणून इंजिन ३५ च्या आसपास तरी हवे. फाळ तीन केले तर ते ५० पर्यंत जाते. यापलीकडे आमच्या शेताला नांगरटीसाठी काही लागत नाही. पुतण्याने गणित तपासून पाहिले, चूक सापडली नाही, आणि तो थोडा हिरमुसला.

प्रश्न पेरणीचाच होता. जानेवारीत मी पुन्हा गेले, ती सही करावयाची की नाही हे ठरविण्यासाठी. दुकानदाराने शेतावर प्रात्यक्षिक ठेवले होते. हिरव्या ५५ ला सात फुटी सुपर सीडर जोडला. सोयाबीननंतर मोकळ्या राहिलेल्या, अलीकडेच ओलविलेल्या तुकड्यात तो उतरला आणि पहिले तास बरे चालले. मग इंजिनाचा आवाज जड होऊ लागला, काळा धूर आला, चालकाने चाल कमी केली. बांधाशी वळताना त्याने अवजार उचलले, तशी पुढची दोन्ही चाके जमिनीपासून चांगली वीतभर वर आली. चालक सराईत होता. त्याने अवजार लगेच खाली टेकविले. दुकानदार हसून म्हणाला, पुढे वजने लावली की झाले. तेही खरेच होते. पण बांधाच्या पलीकडे कालवा आहे, आणि रात्रपाळीला ट्रॅक्टरवर पुतण्या असणार आहे. वहिनी ओट्यावरून हे सारे पाहत होत्या.

संध्याकाळी मी दादाला माझ्या चुकीविषयी सांगितले. कात्रण पुढे ठेवले आणि गाळलेला शब्द पेन्सिलीने वाक्याच्या वर लिहिला. दादा बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मला वाटले, रागावेल. तो म्हणाला, “दोन वर्षे मी हा कागद बँकेच्या साहेबापासून सगळ्यांना दाखवीत फिरलो.” आणि मग, “मला तरी विचारायला काय झाले होते? पीटीओ मला कळत नाही होय?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

माझ्या चुकीने हिरवा बाद झाला, म्हणून निळा आपोआप निवडून आला असे पुतण्याला वाटले. तेव्हा दिवसांचा हिशेब मांडला. सात फुटी सुपर सीडर ताशी अडीच किलोमीटर चालीने, वळणे व खोळंबा धरून, तासाला जवळपास एक एकर पेरतो. ३८ एकरांना ३९-४० तास. रोज आठ तास धरले तर पाच दिवस. निळ्या ७५ ला आठ फुटी अवजार चालेल. तेच काम साधारण साडेचार दिवसांत होईल. हातात दिवस आहेत दहा. म्हणजे साडेपाच लाख रुपये जादा देऊन आपण अर्धा दिवस विकत घेत होतो.

“पण भाडे?” पुतण्या म्हणाला. बँका ट्रॅक्टरचा हिशेब करताना वर्षाला १,००० तास काम धरतात. घरची तीन पिके, नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉलीच्या खेपा सगळे धरून आमचे ४०० तास भरत होते. उरलेले ६०० तास गावात शोधावे लागले असते. आणि ज्या दहा दिवसांत गावाला ट्रॅक्टर हवा असतो, त्याच दहा दिवसांत तो आम्हालाही हवा असतो. एरव्ही गावात ट्रॅक्टर उभेच दिसतात. शिवाय तीन टनांहून अधिक वजनाचे यंत्र ओल्या काळ्या मातीत वारंवार फिरले म्हणजे खालचा थर दबून दगडासारखा होतो, हे तर पुतण्यालाच कॉलेजात शिकविले होते. त्याने ते स्वतःहून सांगितले, हे मी त्याच्या बाजूने नमूद करते.

आई इतका वेळ वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, “चार एकर गेली तेव्हाही ट्रॅक्टर चांगलाच होता.” त्यानंतर भाड्याविषयी कोणी बोलले नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला: ६० अश्वशक्तीचा, चारही चाके ओढणारा. दांड्यावर ५१, लिफ्ट दोन हजार किलोंहून अधिक, आणि पुढचा आस जड असल्यामुळे बांधाशी पुढची चाके जमीन सोडीत नाहीत. हे प्रात्यक्षिकात दोनदा करवून घेतले. त्याचा रंग लाल निघाला, हे कोणाच्याच मनात नव्हते. दादाची एक शंका मात्र राहिली आणि ती रास्त होती. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यामुळे त्यांच्या इंजिनात इंधन फवारण्याची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक झाली, किमती वाढल्या, आणि बाजारात ५० च्या जेमतेम खाली घुटमळणारी पुष्कळ यंत्रे दिसू लागली. धूर कमी झाला हे चांगले. पण जुना ट्रॅक्टर दादा स्वतः पान्याने खोलून बसवितो, हा बिघडला तर शहरातून संगणक घेऊन मिस्त्री यावा लागणार. पेरणीच्या दिवसांत तो दोन दिवस आला नाही तर काय? या प्रश्नाला अहवालात उत्तर नव्हते. जुना ३५ विकावयाचा नाही, एवढेच ठरले.

मी सही केली. दोन गोष्टी मागून घेतल्या. गहाण पडेल ती जमीन १२ एकरच असावी, कालव्याकाठची उरलेली सहा एकर त्यात नसावी. बँकेने थोडी कुरकुर करून ते मानले. आणि पुतण्याने बुदनीस जाऊन ट्रॅक्टर वापरण्याचा अभ्यासक्रम पुरा करावा. तो गेला, आणि परत आला तो चाकांतील हवा आणि पुढची वजने यांविषयी आम्हा सर्वांना व्याख्याने देत.

२०२५ च्या मार्चमध्ये ट्रॅक्टर आला. किंमत ११ लाख २० हजार. एप्रिलात नरवाईतच मूग पेरला. पाच दिवसांचा माझा हिशेब खोटा ठरला, सात लागले. एक दिवस पाते तुटले, एक दिवस डिझेल आणावयास गेलेला माणूस लग्नाला जाऊन बसला. उगवण दोन तुकड्यांत पातळ झाली, बाकी ठीक. काडी लागली नाही. मग सप्टेंबरच्या २२ तारखेस ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि दादाचा फोन आला: “सहा महिने थांबलो असतो तर ७० हजार वाचले असते.” मी म्हटले, मूग गेला असता. तो म्हणाला, “ते खरे, पण ७० हजार!” हे वाक्य तो अजून म्हणतो.

मासिकात मी शुद्धिपत्र दिले. तीन वर्षांपूर्वीच्या लेखाचे शुद्धिपत्र कोण वाचणार, असे एक सहकारी म्हणाले; पण जागा मिळाली, शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. ‘अश्वशक्तीचा’ याऐवजी ‘पीटीओवर अश्वशक्ती असलेला’ असे वाचावे. त्याचेही कात्रण कपाटात गेले आहे.

मागच्या आठवड्यात दादा सांगत होता, तासांच्या काट्यावर ४३० झाले. पुतण्या आणखी १२ एकर सिकमीने घ्यावी म्हणतो आहे. मी विचारले, करार किती वर्षांचा?

“एकाच,” दादा म्हणाला.

मी म्हटले, “कागद पाठव. सगळा पाठव, एकही शब्द गाळू नकोस. वाचून सांगते.”